जानेफळात खुनाची पोथी

खामगावहून मेहकरची सर्व्हिस मोटार सुटली आणि मला स्वस्थ बसवेना. नागपुरात बक्षीस मिळवून आलेल्या ज्या गुप्तहेर कादंबरीने माझी झोप उडवली होती, तिच्यातलं जानेफळ आज डोळ्यांनी दिसणार होतं! वाटेत टायर फुटलं. चाक ड्रायव्हरने बदललं, घाम मी गाळला.

गावात शिरताच विहीर दिसली. कादंबरीतलं प्रेत हिच्यातच सापडलं होतं. मी अधाशासारखा वाकून पाहू लागलो, तर पाणी भरणारी जनाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "मुडदा पाहाले आले का, भाऊ? सारे तेच पाह्यतात."

तिच्याकडूनच कळलं, की देवळात या कादंबरीची पोथी लावली आहे. रोज एक अध्याय. पुढचं पान कोणी उलटायचं नाही, वाचणाऱ्यानेसुद्धा! आज समाप्ती, म्हणून रोडगे (विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी.

"पुस्तकात गाव आमचं हाये, म्हंजे खुनीबी आमच्यातलाच," ती म्हणाली. "आज सापडते तो."

वाचणारे होते देवळाचे पुजारी गोविंदबुवा. आणि कादंबरीतला खुनी पुजारीच होता. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "बुवा, आजचा अध्याय मी वाचू का?"

"पोथी ज्यानं लावली त्यानंच संपवा लागते," ते हसले. "अन् शेवट सांगू नका. मलेबी लय घाई झाली हाये."

दुपारी सारं गाव जमलं. बुवा रंगून वाचत होते. मला शेवट पाठ होता, तरी मी पुढे सरकून ऐकत होतो. गुप्तहेराचं बोट पुजाऱ्याकडे वळलं आणि बुवा थांबले. त्यांनी चष्मा पुसला. आता उठून जातील असं वाटलं. पण अध्याय अर्धा टाकायचा नसतो. पुजाऱ्याचा कबुलीजबाब त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत वाचला.

आरती झाली. बुवा शिऱ्याचं ताट घेऊन उभे राहिले, पण कोणी पुढे येईना. मला फार वाईट वाटलं.

मग जनाबाई उठली. "पान लपवता आलं असतं यायले," ती लोकांना म्हणाली. "नाई लपवलं." तिने ओंजळ पुढे केली. "द्या महाराज, परसाद."

तिच्यामागे हळूहळू रांग लागली. मीही रांगेत उभा राहिलो.

परतीच्या मोटारीत हाताला अजून तुपाचा वास होता. कादंबरीतला गुप्तहेर खुनी पकडून गावातून निघून जातो. मागे राहिलेल्या गावाने पुढे काय करायचं, ते त्याने कुठेच सांगितलेलं नाही.