मेक्सिकोतली हलगी

“आधी ऐकू द्या,” असं म्हणून आमचे पेंटर ब्रश कानामागं खोचायचे आणि डोळे मिटून बसायचे. तुम्ही पाट्या रंगवणारे पुष्कळ पाहिले असतील, पण बोअरवेलवाल्याची पाटी रंगवण्याआधी तासभर बोअरची मशीन ऐकणारा नसेल पाहिला. पाटीवरचं पाणी मात्र अंगावर उडेल असं दिसायचं, हे कबूल करायला हवं.

देवगाव फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. भिंतीवर एक कपबशी काढा, एवढंच मी सांगितलं होतं. पेंटरांनी कपबशी वाजवून ऐकली. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर एक गाणं आपोआप लागलं. त्यात गिटारी, तुताऱ्या होत्या आणि मध्येच कुणीतरी शेळ्या हाकल्यासारखी आरोळी ठोकत होता.

“हे कुठलं हो, शेट?”

“मेक्सिकोचं लोकगीत आहे, असं लिहिलंय.”

“ते कुठं आलं?”

“अमेरिकेच्या खाली.”

“खाली म्हंजे आपल्यासारखंच. लावा पुन्यांदा.”

चार दिवस तेच गाणं. गिऱ्हाईकं वैतागली, मीही वैतागलो. कपबशी राहिलीच आणि भिंतीवर मोठाल्या टोप्यांचे सहा वादक उभे राहिले. टोप्या मोबाइलवर पाहून काढलेल्या, मिशा मात्र झरीच्या बाजारातल्या. सातवा गडी टोपी घालून हलगी वाजवत होता. त्याचं तोंड मी लगेच ओळखलं. तो पेंटरांचा धाकटा भाऊ होता.

पेंटरांनी मुलीच्या लग्नात परभणीहून बँड आणला होता. घरात हलगी असताना बँड! भाऊ अक्षता टाकून न जेवता गेला, तो आठ वर्षं बोलला नाही. हलगीची सुपारी घेऊन कुठं वाजवायला निघाला की फाट्यावरच बस धरायचा, पण माझ्या हॉटेलकडं पाठ करून उभा राहायचा. पेंटर त्या पाठीकडं पाहत बसायचे आणि त्यांचा चहा निवून जायचा. मला फार वाईट वाटायचं.

चित्राची बातमी पोचायला दोन दिवस लागले. भाऊ हलगी खांद्याला अडकवून आला आणि भिंतीसमोर थांबला.

“दादा!” तो ओरडला. “हलगी डाव्या हातात अन् काडी उजव्या हातात दिलीस? मी डावखुरा हाय, तुला म्हाईत न्हाई? लोक हसायलेत!”

“चुकलं बाबा. बस, चहा घे. करतो दुरुस्त.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “पेंटर, सख्ख्या भावाचा हात चुकला?”

“लहानपणी मीच शिकवलंय त्येला, शेट. बरोबर काढलं असतं, तर बघून तसाच गेला असता.”

दुरुस्ती काही झाली नाही. भाऊ आठवड्याला भांडायला यायचा. दोघं दोन-दोन कप पिऊन भांडायचे. पेंटरांना नेमका तो रंगच कुठं मिळायचा नाही.

यंदा पेंटर गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर भाऊ हॉटेलात आला. मीच चित्राचा विषय काढला.

“परभणीहून एखादा पेंटर बोलावतो. तेवढा हात नीट करून घेऊ.”

“न्हाई, राहू द्या,” तो भिंतीकडं पाहत म्हणाला. “मीच हात बदलायलोय. ताल चुकायलाय अजून.”