पाय धुऊन येणारा चोर

मुलगी पाहायच्या आधी बँडवाला ठरवून आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला पाहा. परवान्याचा अर्जसुद्धा केला नव्हता आणि मी रिव्हॉल्वर पसंत करायला निघालो होतो. तेही बायकोला सोबत घेऊन, साडीच्या दुकानात जावं तसा.

कारण मात्र खरं होतं. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमचं घर. लेक सासरी गेली, मी एसटीतली कंडक्टरकी संपवून घरी बसलो, आता दोघंच. एक दिवस बायको हळूच म्हणाली, "अहो, आपल्या घरी कोनीतरी मानूस येते."

"कवा?"

"दिवे लागले का. परसदाराने."

"काय नेलं त्यानं?"

"काही नेत नाही. टाक्यापाशी पाय धुते अन् आत येते."

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. तिथला एक जुना दोस्त म्हणाला, "कंडक्टर, तो चोर आमच्या घरी धाडून दे. आमचे पोट्टे चिखलाच्या पायानं दिवानावर चढून राह्यले." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

ती हसत नव्हती. संध्याकाळ झाली की बैठकीत भिंतीला पाठ लावून बसायची, हातात लाटणं, मधल्या दाराला कडी. मी ठेल्यावरून परतून आवाज दिला की कडी काढायची आणि सांगायची, "आत्ता आलता. तुमचा आवाज आईकला अन् पयाला." मग मी टॉर्च घेऊन छाती फुगवून घरामागं फिरून यायचो. टाक्यापासून दारापर्यंत ओली पावलं असायची. ती माझीच असणार, त्यात काय पाहायचं, म्हणून मी ती पाहिलीच नाहीत.

स्वयंपाक लवकर उरकू लागला. ती अंगानं उतरू लागली. शेवटी माझ्यातला शूरवीर जागा झाला. हत्यार घ्यायचं!

यवतमाळातला बंदुकीचा दुकानदार म्हातारा, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"लायसन?"

"करायचं हाय. म्हटलं आधी वस्तू पाहून घ्यावी."

त्यानं मला खालवर पाहिलं आणि चहा सांगितला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. मग काउंटरच्या पलीकडून एक रिव्हॉल्वर काढलं, चाक उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि विचारलं, "चालवनार कोन?"

"मी."

"अन् तो मानूस येते कवा?"

"मी घरी नसलो का."

"मंग तुमी काय पानठेल्यावरून गोळी हानसान? वहिनीच्या हाताचं पाह्यजे."

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मीही मोठा विनोद झाल्यासारखा हसलो. त्यानं रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं. घोडा इतका कडक की तिला दोन बोटांनीही दाबता येईना. मग पिस्तूल. त्याचा वरचा भाग आधी मागं ओढावा लागतो. तिच्या सुजलेल्या सांध्यांना तेही जमेना. दुकानदार समजावत होता: हात लहान असला तर मूठ लहान पाहिजे, हलकं हत्यार घेतलं तर झटका जास्त बसतो, कपाटात कुलपात ठेवलं तर चोराला म्हणावं लागते, बस बाबा, किल्ली सापडू दे.

माझं लक्ष कुठं होतं? पिस्तूल माझ्या हाती आलं होतं आणि समोर आरशाचं कपाट होतं. मी एक पाय पुढे टाकून नेम धरून पाहिला. बरा दिसत होतो.

मागं दुकानदार बायकोला विचारत होता, "वहिनी, दिसते कसा तो?"

"म्हातारा हाय. उंच. एक खांदा खाली पडेल, जशी काही त्याच्यावर थैली लटकून राह्यली." मग तिनं आवाज बारीक केला. "पाय धुतले का टावेल दोनदा झटकते. यायले नोका सांगू भाऊ. हे भेतात."

आरशातल्या माणसाचा डावा खांदा खाली पडलेला होता. जन्मभर तिकिटांची बॅग त्या खांद्यावर होती. शेवटची गाडी लावून यायला उशीर व्हायचा, तिची झोप मोडू नये म्हणून मी परसदारानं यायचो, पाय धुवायचो. रिटायर झालो, तरी पायांना ते कळलं नाही. संध्याकाळी ते मला घरामागूनच नेत होते.

आरशात एक म्हातारा पिस्तूल धरून उभा होता. माझ्या बायकोला ज्याची भीती वाटते तो.

दुकानदारानं ते हातातून हळूच काढून घेतलं. तो माझ्या खांद्याकडेच पाहत होता. "दादा," तो म्हणाला, "या कामाचं माझ्याजवळ काही नाही. वहिनीले डाक्टरकडं न्या."

नेलं. दिवसा ओळख राहील, दिवे लागल्यावर पुसट होत जाईल, आणि मग दिवसाही, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू आहेत. बंदूकवाल्याला जे पाहताक्षणी कळलं, ते तिच्याशी इतकी वर्षं संसार करून मला कळलं नाही. उलट ठेल्यावर त्यावर हशा मिळवला.

मधल्या काळात आवाजाची ओळखही गेली. आता मी परसदारानं येत नाही. समोरचं फाटक वाजवतो, खाकरतो, अंगणातूनच विचारतो, "बाई, घरी हाय का कोनी?"

"हे ड्युटीवर गेलेत. बसा ना भाऊ."

जन्मभर जिनं माझं नाव घेतलं नाही, अहोशिवाय बोलली नाही, ती मला भाऊ म्हणते. पहिल्या दिवशी मी बसलो तो उठताच येईना. तिनं पाण्याचा गिलास आणून दिला, पदर सावरून, परक्या माणसाला देतात तसा. माझ्या घरच्या खुर्चीत मी अवघडून बसलो. चहा छान झाला, म्हटलं. तिला बरं वाटलं.

परवा मी उठू लागलो, आतल्या खोलीत जरा पडावं म्हणून. तर ती घाईघाईनं दाराशी आली.

"भाऊ, जरासक थांबता का? हे येईपर्यंत. इथं एक मानूस येते. मले एकटीले भेव लागते."

"थांबतो ना," म्हटलं.

तिनं जाऊन परसदाराची कडी घातली. परत येऊन माझ्यासमोर बसली. मग काहीतरी आठवून उठली आणि कडी पुन्हा काढून आली.

"तिकडूनच येतात ते," म्हणाली.