हिरव्या डोळ्याचं मशीन

माझ्या थोरल्या भावाच्या कानांची आमच्या घरात दहशत होती. तो मुंबईला एका फिल्म स्टुडिओत आवाजाच्या खात्यात होता आणि शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने पनवेलला यायचा. तो आला की घरात पापड खायची चोरी. आई वाटण वाटायला बसली की हा बाहेरून सांगायचा, पाटा हलतोय, खाली चिंधी घाल. शेजारच्यांच्या घड्याळाची टिकटिक त्याला भिंतीतून ऐकू यायची आणि ते घड्याळ अडखळायला लागलं की शेजाऱ्यांच्या आधी याला कळायचं. मी त्याला मांजर म्हणायचे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दिवसभर पोरींचा कलकलाट ऐकून माझे कान जवळजवळ निवृत्त झाले होते, त्यामुळे त्याच्या या सोवळ्या कानांचा मला रागही यायचा.

दादाला एक फिल्म काढायची होती. नट नाहीत, गोष्ट नाही, फक्त खाडीकाठचं मिठागर, तिथं मीठ ओढणाऱ्या बाया आणि त्या ओढताना गातात ते गाणं. लहानपणी आम्ही बांधावर बसून ते ऐकलेलं. सासरी मिठात उभी राहून जिचे पाय फुटले त्या मुलीचं गाणं होतं ते. "दुसऱ्यांच्या नायिकांचे हुंदके साफ करण्यात माझी सगळी उमेद गेली," दादा म्हणायचा, "एक तरी आवाज माझ्या पसंतीचा धरू दे." आईला वाटायचं हा सिनेमावाल्यांच्या नादाने वाया गेला. मला वाटायचं, गेला तर गेला, निदान काहीतरी करून जाऊ दे. माझ्या पगारातून मागे टाकलेले पैसे मी त्याला दिले आणि सामान घ्यायला त्याच्याबरोबर मुंबईला गेले.

दुकान जुन्या मालाचं होतं. लढाई संपल्यावर मागे राहिलेलं, देश सोडून गेलेल्या साहेबांनी विकलेलं असं काय काय तिथं छतापर्यंत रचलेलं होतं. स्टुडिओत वापरतात तसला मोठा कॅमेरा दादाने नुसता डोळे भरून पाहिला. तो फुकट मिळाला असता तरी त्याच्या पोटात घालायची फिल्म आम्हाला झेपली नसती. मग दुकानदाराने दोन लहान कॅमेरे काढले, सोळा मिलिमीटरच्या फिल्मचे, चावीचे. चावी दिली की अर्धं मिनिट चालायचे, मग पुन्हा पिळा. एकाला तीन भिंगं होती, फिरवली की बदलायची, आणि अंगावर चकाकी अशी की मी तोच घेतला असता. दुसऱ्याला एकच भिंग आणि रंगाचे पोपडे. दादाने दोन्हींना चावी दिली, एकेक गालाच्या हाडाला टेकवला, डोळे मिटले. पोपडेवाला घेतला. देखणा मध्येच दम खातो म्हणाला. भिंगं काय, माणसाने चार पावलं पुढंमागं सरकावं.

आवाजाच्या मशिनांची वेळ आली तेव्हा मी निश्चिंत होते. हे तर याचं राज्य. इथंही दोन होती. एक आटोपशीर, मला एका हाताने उचलता येईल असं. दुसरं पेटीएवढं अवजड, पण त्याच्या दर्शनी बाजूला काचेचा एक हिरवा डोळा होता. आवाज आला की त्या डोळ्यातल्या हिरव्या पट्ट्या मिटायच्या, आवाज थांबला की उघडायच्या. दुकानदाराने दोन्हींवर माझाच आवाज भरून मला ऐकवला. लहान मशिनावर मी माझ्यासारखी वाटले. मोठ्यावर माझ्या बोलण्याच्या मागे सतत एक घुमणं होतं, डब्यात माशी अडकावी तसं.

"दादा, याच्यात घुमतंय."

"कुठं?"

"सगळीकडे. मी गप्प झाले की जास्त."

त्याने कान मशिनाजवळ नेला. पुष्कळ वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "नाही घुमत. हेच घेऊ."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. घुमतंय हे त्यालाही ठाऊक होतं. आणि दादा त्या हिरव्या डोळ्याकडे बघत होता. मी बोलले तेव्हाही तो माझ्याकडे बघत नव्हता, डोळ्याकडे बघत होता.

स्टँडजवळच्या हॉटेलात चहा समोर आला तेव्हा मी विचारलं, "बाबांसारखं?"

"बाबांसारखंच," तो म्हणाला.

आमच्या वडिलांचे कान चाळिशीत गेले होते. पोस्टातली नोकरी सुटली, ते ओटीवर बसून राहिले आणि हळूहळू आम्ही सगळे त्यांच्याशी बोलेनासे झालो. कुणी ठरवून नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडून सांगायचा कंटाळा येतो, आधी बारीकसारीक बोलणं जातं, मग जेवायला चला एवढंच उरतं. दादाने ते सगळं पाहिलं होतं.

"स्टुडिओत अजून कळलेलं नाही," तो म्हणाला. "तिथं यंत्रावर आवाज दाखवणारी सुई असते, सुईवर निभावतो. हा डोळा तसाच. पण अजून थोडं ऐकू येतं गं. तेवढ्यात हे एक गाणं मला धरायचंय." त्याने चहा ढवळला, साखर कधीच विरघळली होती तरी ढवळत राहिला. मला रडू येत होतं आणि हॉटेलभर पुरुष बसले होते, म्हणून मी त्याच्यावरच खेकसले की चहा निवतोय.

फिल्म काढायला लागल्यावर अडचण अशी निघाली की चित्राला ऊन लागतं आणि आवाजाला वीज. मिठागरात ऊन डोळे फुटेस्तोवर, पण वीज नाही. आमच्या घरात वीज, पण मिठागर नाही. तेव्हा चित्र तिकडे काढायचं आणि गाणं आमच्याकडे भरायचं असं ठरलं. मिठागरातल्या बायांत एक वयस्क बाई होती, तिला आम्ही मावशी म्हणायचो, गाणं तीच उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. दादाने तिचं चित्र घेतलं. लाकडी फळीने मीठ ओढताना, गाताना, मध्येच घाम पुसताना. फिल्म महाग, म्हणून प्रत्येक गोष्ट एकदाच.

बाजाराच्या दिवशी मावशी आमच्या घरी आली. खुर्चीवर बसवलं, माईक समोर ठेवला, तर तिच्या तोंडून शब्द निघेना. म्हणाली, "हातान काय नसला तं गाना नाय येत, बाय." आईने कपडे वाळत घालायची काठी आणून दिली. मावशी पदर खोचून उभी राहिली, काठीने आमच्या ओटीवरचं नसलेलं मीठ ओढायला लागली आणि गाणं असं बाहेर पडलं की आई दाराची चौकट धरून उभी राहिली. मी कानाला हेडफोन लावून बसले होते. दादा मशिनाच्या हिरव्या डोळ्यासमोर. पट्ट्या मिटत होत्या, उघडत होत्या, आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला ऐकू येत होतं की लहानपणीचं आठवत होतं, हे मी विचारलं नाही.

पुढं चित्र आणि गाणं जुळवण्यात वर्ष गेलं. तो डोळ्याकडे बघून टेपवर पिवळ्या पेन्सिलीच्या खुणा करायचा आणि फिल्मवर मावशीचे ओठ शोधायचा. मी म्हणायचे, मी ऐकून सांगते ना. तो म्हणायचा, मला दिसतंय. त्या वर्षात त्याच्या कानांतलं उरलंसुरलंही आटत गेलं. घरात पापड पुन्हा सुरू झाले होते, पण खाववत नव्हते.

खेळ आमच्या शाळेच्या हॉलमध्ये लावला. स्टुडिओतून प्रोजेक्टर एका दिवसापुरता मागून आणलेला. मिठागरातल्या बाया पोराबाळांसकट चालत आल्या, पुढे जमिनीवर बसल्या. त्यांच्या मागे माझ्या वर्गातल्या पोरी. सगळ्यांच्या मागे उभं राहून दादाने प्रोजेक्टर आणि टेपमशीन दोन्ही एकदम सुरू केली. सुरुवातीला जुळलं. पण पनवेलची वीज दिवेलागणीला दमायची. प्रोजेक्टर मंदावला आणि टेपमशीन मात्र आपल्या चालीने पुढं गेलं. पडद्यावर मावशी तोंड मिटून घाम पुसतेय आणि गाणं चालू. मग तिने तोंड उघडलं तर नुसती घुमघुम. पोरी खिदळल्या. मग बायाही हसल्या, मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. दादाला मागे वळून हसणारी तोंडं दिसली. ते गाणं हसायचं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, पुढं गेलं का. मी मान हलवली. त्याने टेपमशीन बंद केलं.

प्रोजेक्टरची खडखड तेवढी राहिली. पडद्यावर मावशी मुक्याने गात होती. आणि मग खाली बसलेल्या मावशीने आपल्याच ओठांकडे बघत गाणं उचललं. पडद्यावरची मंदावली की ही मंदावायची, ती श्वास घ्यायला थांबली की ही थांबायची. बाकीच्या बायांनी मागून धरलं. हॉल भरून गेला. एकही शब्द ओठांच्या पुढं नाही, मागं नाही. दादाने वर्षभर पेन्सिलीने जे शोधलं ते समोर होत होतं, आणि तो एक हात प्रोजेक्टरवर ठेवून, सगळ्यांच्या पाठीमागे माझ्या शेजारी उभा राहून, डोळे न हलवता चित्र बघत होता. मी त्याच्या दंडाला हात लावला. त्याला वाटलं मी त्याची समजूत घालतेय. त्याने माझा हात थोपटला.

रीळ संपलं, दिवा लागला. काही बाया डोळे पुसत होत्या. ते बघून दादाचा चेहरा जरा उजळला. "मुकंसुद्धा पोचलं की गं," तो मला म्हणाला.

मी सांगणार होते. पण तेवढ्यात मावशीच गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, गाऊन गाऊन लाल झालेली, खूश.

"काय भाऊ, आता जमला ना?"

दादाने तिच्या ओठांकडे नीट बघून घेतलं. मग तिला वाईट वाटू नये म्हणून हसला.

"चित्र जमलं, मावशी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तुमचा आवाजही जमवू."

मावशीचं हसू तसंच राहिलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली.