दुधाचा दुसरा कॅन

बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून आईच्या हाताला घट्टे पडले होते. पुढं गावात दूध सोसायटी निघाली आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या बायकांना सरकारी योजनेतून म्हशी मिळाल्या. गाव आता उभं राहणार, असं मलाही वाटलं. तसं पत्रक काढून मी घरोघर वाटलं.

पहिल्याच सकाळी चेअरमननी आईची किटली मोठ्या कॅनपाशी हातानं अडवली आणि कोपऱ्यातला दुसरा कॅन दाखवला. गावाचं दूध एकात, आमचं दुसऱ्यात.

आमचा कॅन कधीच भरायचा नाही. अर्धवट कॅनमधलं दूध ट्रकमध्ये हिंदकळायचं आणि वर लोण्याचे गोळे धरायचे. उन्हाळ्यात तर ते नासून परत यायचं. ट्रकचा मुसलमान ड्रायव्हर गमत्या माणूस. तो एकदा म्हणाला, "चेअरमनसाब, तालुक्याच्या दूध केंद्रात सगळं एकाच टाकीत वततेत की! मग हितंच कशाला ही नाटकं?"

"तिथं काय व्हायचं ते होऊ दे," चेअरमन म्हणाले. "गावात नको."

शेवटी आमच्या बायकांनी दूध घालणं थांबवलं. लगेच तालुक्याहून निरोप आला : एवढ्याशा दुधासाठी गाडी वळणार नाही. तेव्हा चेअरमन आमच्या गल्लीत आले आणि आमच्या दारापासून चार हात लांब उभे राहून आईला म्हणाले,

"काय गं, गावाचं वाटोळं करतीस व्हय? उद्यापासनं दूध आणा सगळ्याजणी."

"मोठ्या कॅनात वतू द्या. उद्या कशाला, आत्ता आणते."

"तेवढं सोडून बोल."

"मग बसा तरी, चेअरमन. च्या टाकते. दूध लई हाय घरात."

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चेअरमन माघारी वळले.

गाडी बंद झाली. गाव बुडालं तरी चालेल, पण कॅन एक होता कामा नये! या हट्टाला लोक गावाची रीत म्हणत. मला त्याची किळस यायची, आजही येते. वरच्या आळीतली माणसं नासलेलं दूध गटारात ओतू लागली. गटाराचा उतार आमच्याकडं. ते आंबट, पांढरं पाणी माशांसकट आमच्या दारात साचायचं. गावाच्या कॅनात आमचं दूध चालत नव्हतं, आणि त्यांची घाण मात्र आमच्या उंबऱ्याशी चालत होती.

आईनं दारापुढं मातीचा बांध घातला. मग म्हैस सोडली आणि ती विकायला बाजाराची वाट धरली.