ताईची कसरत

निखिलचा फोन सकाळी सव्वासहाला आला. "आई नहीं रही," एवढंच बोलला आणि त्यानं ठेवून दिला. तो माझा भाचा, ताईचा मुलगा. आम्ही मराठीत बोललेलं त्याला सगळं कळतं, पण तो उत्तर हिंदीतच देतो. त्या दिवशी मात्र वाटलं, मराठीत तरी तो मला आणखी काय सांगणार होता…

सुषमाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी झाशीला आले आणि आम्ही इथलेच झालो. ताईनं पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर तिचा उजवा हात थरथरू लागला. सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नगरा भागातल्या घरी ती दोनदा स्वयंपाकघरात पडली, तेव्हा मी मोबाइलवर शोधशोध करून ताई ची हा चिनी व्यायाम काढला. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळायला चांगला आहे, जरूर करा, पण गोळ्या चालूच ठेवायच्या.

मी तिला स्कूटरवरून लक्ष्मी ताल या तळ्याकाठी नेऊ लागलो. विटेला मोबाइल टेकवायचा आणि त्यातल्या माणसासारखं करायचं. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, हात पाण्यातून फिरवल्यासारखे सावकाश फिरवायचे. गंमत म्हणजे तो थरथरणारा हात त्या संथपणात शांत व्हायचा. वर्षभर ती एकदाही पडली नाही. फिरायला येणाऱ्या बायका सामील झाल्या. त्यांना ताई ची म्हणजे 'ताईजी'च वाटलं, आणि तिथे सगळे या प्रकाराला 'ताईजी की कसरत' म्हणू लागले. ताईला त्याचं फार हसू यायचं.

मागच्या दिवाळीत तिनं मला बाजूला घेतलं. गोळ्यांनी तिला भास होत होते, कोपऱ्यात आमची आई बसलेली दिसायची. म्हणून तिनं गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या होत्या.

"कसरतीवर मी ठीक आहे, वसंता. निखिलला सांगू नकोस. तो मला परत त्या धुक्यात ढकलेल."

मी रागावलो, डॉक्टरांकडे चल म्हणालो. ती ऐकेना. मग मी गप्प बसलो. तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. तो उपाय मी शोधलेला होता, आणि तो गोळ्यांपेक्षा भारी ठरतोय याचं मला आतून बरं वाटत होतं.

पुढे दोन महिने मी मुलीकडे पुण्याला होतो. फोनवर ताई म्हणायची, रोज करते, मजेत आहे. परतलो तेव्हा थंडीचं कारण सांगून ती तालावर यायला तयार नव्हती. चेहरा ताठरला होता, घास गिळताना ठसका लागत होता. एका ठसक्यात अन्न फुप्फुसात गेलं. ताप चढला. आठ दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती…

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी सुटल्या? निखिल गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, दिवाळीपासून.

"आपको पता था?"

"हो."

तेराव्यापर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी त्याच्या जागी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला त्यानं मला बोलावलं. पडदा बाजूला केला, तर खिडकीशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, पंजाएवढा काळपट तेलकट डाग. निखिलला ती ओल वाटली. घर रंगवायला काढलंय, तेव्हा निघून जाईल, म्हणाला. मला मात्र तो डाग बघता क्षणी कळला. तोल जात होता, म्हणून मी पुण्याला गेल्यापासून ताई रोज त्या भिंतीला हात टेकून एकटी कसरत करत होती, आणि फोनवर मला मजेत आहे म्हणून सांगत होती. या वेळी मी गप्प राहिलो नाही. निखिलला सगळं सांगितलं.

त्यानं डागाला हात लावून पाहिला. मग पेंटरला फोन लावून म्हणाला, "भैया, खिड़की वाली दीवार छोड़ देना."