कर्नाळ्याच्या जंगलातली हाक

नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो. नावं विसरलो, गुन्हा नंबर विसरलो. हे एक काही डोक्यातून जात नाही. नवीन पनवेलला सकाळी फिरायला निघालो आणि वरून पोपट ओरडत गेले, की ते आठवतं आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. गोवा हायवेवर कर्नाळ्याच्या अलीकडे, सकाळी उन्हं वर येत असताना, एका टेम्पोवाल्याला रस्त्याच्या कडेला माणूस पडलेला दिसला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मयत जवळच्याच गावातला, पस्तिशीचा. त्याच्या बायकोच्या भावाने येऊन ओळख पटवली आणि जबाब दिला, की माणूस कामावर निघाला होता, गाडीने उडवलं असणार. आम्ही अज्ञात वाहनावर गुन्हा दाखल केला.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो होतो. रस्त्यावर काच नाही, ब्रेकची खूण नाही. मयताच्या दंडांना आणि मांड्यांना आतल्या बाजूने खरचटलेलं. गाडीची धडक बसलेला माणूस असा आतून खरचटत नाही. डोक्यात किडा वळवळत राहिला, पण नुसत्या किड्यावर तपास चालत नाही.

मयताची बायको दर आठवड्याला ठाण्यात यायची. भाऊच तिला मोटारसायकलवर घेऊन यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. ती टेबलापुढे उभी राहायची.

"साहेब, गाडी गावली का?"

"शोधतोय, बाई."

"कोन व्हता त्यो, एवढं कळू द्या मना. थांबला का नाय, पानी तरी पाजलं का नाय त्यानं?"

ती गेली, की मी हाताखालच्या लोकांवर उगाच खेकसायचो.

मग एक दिवस अभयारण्यात पक्ष्यांच्या आवाजांवर संशोधन करणारी एक मुलगी आली. आमच्या ठाणे अंमलदाराने आधी तिची थट्टाच केली. म्हणाला, "मॅडम, फिर्यादी कोण, कोकीळ?" मी तिला आत बोलावलं. तिचं काम असं, की झाडांना छोटे डबे बांधायचे. डबा रोज पहाटे आपोआप सुरू होतो, जंगलातले आवाज टिपतो आणि ठरल्या वेळेला बंद होतो. त्या आवाजांवरून कोणते पक्षी आहेत, कोणते कमी झाले, ते कळतं. काही आठवड्यांनी ती डब्यातली कार्डं काढून ऐकत बसायची.

"माणसांचे आवाज आले की आम्ही ते पुसून टाकतो, सर," ती म्हणाली. "ट्रेकवाले असतात, गाणी लावतात. पण हे पुसायची माझी हिंमत झाली नाही."

कानात इयरफोनची बोंडं घालून ऐकायची मला सवय नाही, पण घातली. आधी नुसते पक्षी. मग लाकडावर कोयत्याचे घाव आणि पोपटाच्या पिल्लांचा कलकलाट. फांदी मोडली. काहीतरी जड जमिनीवर आदळलं. आणि माणूस कण्हायला लागला.

"दादा, मना उचल. पाय हालत नाय, दादा."

दुसरा आवाज दबका होता. "भावोजी, गप ऱ्हावा. गार्डाची गाडी येल आता. पिशवी लपवून आलोच."

सुक्या पाल्यावरून पावलं लांब गेली. मग नुसतं "दादा... दादा..." चालू राहिलं. पक्षी पुन्हा आपले ओरडायला लागले. हाक चालू असतानाच रेकॉर्डिंग संपलं, कारण डब्याची बंद व्हायची वेळ झाली होती. तारीख त्याच सकाळची होती.

पुरुषमाणूस भावोजी म्हणतो तो बहिणीच्या नवऱ्याला. फार डोकं लढवायची गरजच नव्हती. तो माणूस दर आठवड्याला माझ्याच दारात येऊन बसत होता.

पुढच्या खेपेला दोघं आली, तेव्हा बाईला लेडी कॉन्स्टेबलजवळ बसवलं आणि त्याला एकट्याला आत घेतलं. खोटं घोकून आलेला माणूस प्रश्नांची वाट बघत असतो, हा माझा अनुभव. म्हणून मी प्रश्न विचारलाच नाही. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि आवाज लावला. स्वतःचा 'भावोजी' ऐकल्यावर त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"बंद करा, साहेब."

मग तो भडाभडा बोलला. दोघं विकायला पोपटाची पिल्लं काढायला गेले होते, आणि खोडाला हातापायांनी मिठी मारत भावोजी वर चढला होता. "फॉरेस्टचे क्यामेरे कुठं हायत ते आमाला ठाव व्हतं, ती वाट सोडून गेलो. त्या डब्याला काच नव्हती. मना वाटलं मीटर हाय." पिल्लांची पिशवी कोरड्या ओढ्यात लपवून हा निघाला, तर गार्डाची गाडी समोरच थांबलेली. ती हलेपर्यंत हा झुडपात बसला. परत आला तेव्हा हाक थांबली होती, श्वास चालू होता. त्याने भावोजीला पाठीवर घेऊन हायवेवर आणलं, कडेला निजवलं आणि टेम्पो थांबेपर्यंत लपून बघत राहिला.

"आणि बहिणीला दर आठवड्याला इथं घेऊन येत होतास? लाज नाही वाटली?"

"ती एकली कशी येल, साहेब?" तो म्हणाला.

मी जबाब नोंदवून घेतला. त्याला अटक केली. पिल्लांचं प्रकरण वन खात्याकडे वेगळं गेलं.

मयताचा आवाज ओळखायला घरचं माणूस लागतं, आणि घरचं असं तीच उरली होती. मी तिला आधी सगळं सांगितलं. नको असेल तर आज ऐकू नका, म्हटलं. ती म्हणाली, "लावा." नवऱ्याचा आवाज आला तसा तिने पदर तोंडात धरला. दुसरा आवाज आला तेव्हा मान खाली घातली. मग यंत्र थांबलं.

"फुडं?" तिने विचारलं.

"पुढे नाही, बाई. तेवढंच आहे."

दोन्ही आवाज ओळखल्याचं तिने सांगितलं आणि सही केली. तिला आणणारा माणूस कोठडीत होता, म्हणून मी रिक्षा बोलावली, सोबतीला लेडी कॉन्स्टेबल दिली. रिक्षात बसताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, गाडीच गावली असती तं बरं झालं असतं."

तोवर मी समजत होतो, की खरं काय ते घरच्यांच्या हातात ठेवलं की आपलं काम झालं. त्या बाईला उत्तर हवं होतं, पण ते कोणा परक्याचं हवं होतं, ज्याला तिला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. मी तिच्या नवऱ्याचा तपास लावला आणि तिचं माहेर संपवलं. ते मला करावंच लागलं, आणि पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा केलं असतं. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत 'तपास लागला' हे शब्द मी कुठल्याही घरात चांगली बातमी म्हणून सांगितले नाहीत.