अबोलीचं बाळंतपण

किस्से आमच्याकडे सुक्या कोलंबीच्या सोड्यांसारखे साठतात. डब्यात असतात तोवर कुणाला पत्ता नसतो. एक मूठ काढायला झाकण उघडलं, की वास पार खालच्या मजल्यापर्यंत! परवा बहिणीने फोनवर नुसतं विचारलं, "शेजारी काय नवीन?" आणि माझा भात करपला.

शेजारी म्हणजे समोरचा ब्लॉक. रत्नागिरीत नाचणे रोडला आमची तीन मजली बिल्डिंग, आम्ही दुसऱ्यावर. समोर शिल्पा, हातखंब्याला शाळेत शिकवते. तिचा नवरा निखिल वर्षातले आठ महिने बोटीवर. सासू आक्का, मूळच्या दाभोळच्या. आणि निखिलची लाडकी अबोली. अबोली म्हणजे सरडीण! परदेशी जातीची, हिरवीगार, डोक्यावर तुरा, वनखात्याकडे रीतसर नोंद केलेली.

बोटीवर निघताना निखिल शिल्पाला म्हणाला, "आईची काळजी नाही, ती स्वतःचं बघते. अबोलीला जप."

हे आक्कांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी अबोलीचं नाव टाकलं. म्हणायचंच झालं तर "तुझ्या नवऱ्याचं किडूक"!

* * *

पहिल्यांदा मी तिला बघायला गेले, तेव्हा तिने एक डोळा माझ्यावर ठेवला आणि दुसरा आक्कांवर. दोन डोळे दोन दिशांना! मी म्हटलं, "अगो बाई, ही एकाच वेळी दोन्हीकडे बघते!"

आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होय गो सुमन. तुझ्यापेक्षा भारी निघाली. तुला मान तरी वळवावी लागते."

* * *

शिल्पा शाळेत गेली, की पिंजऱ्याची चावी माझ्याकडे, आक्का तर हात लावणार नाहीत. अबोलीला वाटीतलं पाणी कळत नाही, पानावरचे थेंबच ती चाटते. म्हणून दिवसातून दोनदा पानांवर फवारा. खायला झुरळं, तीही खास पाळलेली, आणि त्यांना कॅल्शियमची पावडर लावून. आपण बोंबलाला रवा लावतो ना, डिट्टो तसंच!

आमचे हे एकदा दारातून बघत होते. म्हणाले, "माझ्या बोंबलाला रवा कमी पडतो, आणि शेजारच्या झुरळाला दोन्ही बाजूंनी पावडर?"

मी म्हटलं, "ती खाऊन नावं नाही ठेवत!"

* * *

एके दिवशी अबोलीने झुरळाकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिंजऱ्याच्या तळाशी नुसत्या येरझाऱ्या. अंग काळपट हिरवं, त्यावर निळे-पिवळे ठिपके. मी शाळेत फोन लावला.

"शिल्पा, हिने रंग बदललाय!"

"काकी, सरडा आहे तो. बदलणारच!"

"तसा नाही गं. मी तीन बाळंतपणं काढलीत. ही अवघडलेली आहे!"

शिल्पा हसली. पण तिने माझ्याकडून फोटो मागवून कोल्हापूरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर: पोटात अंडी आहेत, तयारीला लागा. मी दहावी नापास, पण निदान माझं आधी झालं होतं!

आक्कांचा प्रश्न सरळ होता. "नर कुठे आला होता?"

शिल्पाने समजावलं, की कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तसंच हे. अंडी रिकामी, पिल्लं यायची नाहीत. पण बाहेर पडायलाच हवीत. आत अडकली, तर अबोली जाणार.

"पिल्लं नायत, नवरा नाय, नि बाळंतपण हाय!" आक्का म्हणाल्या. "कसली ही हौस!"

* * *

डॉक्टरांनी सांगितलं, बादलीत हातभर खोल ओलसर वाळू-माती द्या. ती बोगदा खणते आणि आत अंडी घालते. बोगदा ढासळला, तर काम सोडून देते.

शिल्पा भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणायला निघाली होती. मी अडवलं. खारी वाळू बाळंतिणीला? नदीची आणली, चाळली, धुतली, त्यात मऊ माती मिसळली. पण बोट घालून भोक पाडलं, की ढासळायचं. पाणी वाढवलं, चिखल झाला. शिल्पा रडकुंडीला आली.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोन मिनिटं बघितलं. मग पदर खोचून खाली बसल्या आणि बादलीत दोन्ही हात घातले. "सरका. मोदकाची उकड कधी मळलीत काय गो तुम्ही?" मळली, थापली, अंगठा रुतवून बाहेर काढला. भोक जसंच्या तसं!

हात धुताना म्हणाल्या, "किडकासाठी नाय केलं. तुमचा चिखल बघवेना."

* * *

आता खरी अट. खणताना तिला माणूस दिसलं, की ती थांबते. म्हणून कुणीही बघायचं नाही. शिल्पाने पिंजऱ्याभोवती चादर लावली आणि म्हणाली, "काकी, कुणीही बघायचं नाही हं. कुणीही."

"मला काय सांगतेस?"

"तुम्हालाच सांगतेय!"

आणि राखणीलाही मलाच बसवलं! मी दारात खुर्ची टाकली. गॅसवाल्याला बाहेरूनच परत लावलं. आमच्या ह्यांना खाणाखुणांनीच चहा करायला सांगितला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर सुताराने ड्रिल सुरू केलं. अख्खी भिंत थरथरली. मी वर पळाले.

"बंद करा ते! खाली बाळंतीण आहे!"

सुताराने लगेच बटण बंद केलं. "पहिलंच काय, काकी?"

"पहिलंच."

"मग ड्रिल परवा!" म्हणाला, आणि दोन दिवस नुसता पॉलिश पेपर घासत बसला. त्या माणसाला मी त्यानंतर दोनदा आंब्याचं लोणचं दिलंय.

* * *

पण दोन दिवस गेले तरी काही होईना. अबोली थोडं खणायची, थांबायची, वर यायची. डोळे खोल गेले. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघा, नाहीतर कोल्हापूरला आणा, ऑपरेशन करावं लागेल. त्यात वाचेलच असं नाही. शिल्पाने रजा टाकली. दुपारी बोटीवरून निखिलचा फोन आला. रेंज तुटत होती, पण आवाज रडवेला झालेला सगळ्यांना कळला. "माझ्यावाचूनच वेळ आली गं तिच्यावर."

आक्कांनी शिल्पाच्या हातातून फोन घेतला.

"तुझ्या वेळी तुझे बाबा बोटीवरच होते. दोन दिवस अडले होते मी. दाभोळातली एकेक बाई दारातून डोकावून जायची, झालं काय गो, झालं काय गो! मग सुईणीने दार लावून घेतलं, तेव्हा सुटले. ठेव फोन."

आक्का आत गेल्या, आपलं जाड नऊवारी लुगडं घेऊन आल्या आणि पिंजऱ्याला चारी बाजूंनी गुंडाळलं. चादरीतून आमच्या सावल्या दिसत होत्या, हे एवढे दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

मग मला म्हणाल्या, "सुमन, पाठ कर."

मी पाठ केली. थोड्या वेळाने मागे खरखर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. मग बराच वेळ काहीच नाही. माझी मान आखडली, पण मी वळले नाही. साडेतीन तास! माझ्या हातभर मागे एवढी मोठी घटना घडत होती, आणि मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकादश्या पाठ झाल्या.

शेवटी माती चेपल्याचा थपथप आवाज आला. शिल्पाने लुगड्याचं टोक जरासं उचललं. अबोली वर आली होती. चिखलाने माखलेली, पोट खपाटीला गेलेलं. फवारा मारला, तशी पंधरा मिनिटं पाणी चाटत राहिली.

शिल्पाने निखिलला मेसेज केला तो मी वाचला, खोटं कशाला बोलू. "सुटली. काकींनी एकदाही बघितलं नाही." घरी जाऊन ह्यांना दोनदा सांगितलं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पाने अंडी हलकेच उकरून ताटात काढली. आक्कांनी चष्मा लावून ती दोनदा मोजली. मग अबोलीसमोर जाऊन, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणाल्या, "दमलीस गो बाय."

इतक्यात बेल वाजली. तळमजल्यावरच्या वहिनी महिनाभर मुंबईला लेकीकडे राहून आदल्या रात्रीच आल्या होत्या. हातात सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण. दार आक्कांनी उघडलं.

"आम्हाला दहा दिवस देवाधर्माचं चालायचं नाय गो," आक्का म्हणाल्या. "घरात सोयर हाय."

वहिनींनी शिल्पाकडे बघितलं. मग शिल्पाच्या पोटाकडे. मग माझ्याकडे. मी कॅलेंडरकडे.

"अगो बाई, मला कुणी बोललंच नाही! काय झालं? मुलगा की मुलगी?"

आक्का म्हणाल्या, "एकतीस."